साडेआठचा होल: रबाळ्यातल्या एका मॅनिफोल्ड ब्लॉकचं प्रकरण

रबाळे एमआयडीसीतला एक मशीनिंगचा कारखाना. तीन व्हीएमसी, एक एचएमसी (उभ्या आणि आडव्या स्पिंडलची संगणकावर चालणारी मशीनं), मागे बँडसॉ आणि सरफेस ग्राइंडर, माळ्यावर ऑफिस आणि तिथेच तपासणीचं टेबल. काम बहुतांशी हायड्रॉलिक मॅनिफोल्ड ब्लॉकचं. कारखान्याचं आणि या प्रकरणातल्या ग्राहकाचं नाव देत नाही, कारण जे घडलं ते ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कुठल्याही जॉब शॉपमध्ये घडू शकतं. माझा संबंध सल्लागार म्हणून आला. फीचर, म्हणजे होल-पॉकेटसारखे आकाराचे भाग, आपोआप ओळखणारं कॅम सॉफ्टवेअर (मॉडेलवरून मशीनचा प्रोग्राम करणारं) घेऊनही नव्या ब्लॉकचा पहिला नग बाद का झाला, हे मालकांना समजून घ्यायचं होतं.

मॅनिफोल्ड ब्लॉक म्हणजे धातूचा ठोकळा. बाहेर नळ्यांचं जाळं करण्याऐवजी तेलाचे सगळे मार्ग या ठोकळ्याच्या पोटात ड्रिलने काढतात. वरून व्हॉल्व्ह बसतात, बाजूंनी पोर्ट निघतात. बाहेरून पाहिलं तर नुसते होल दिसतात, पण प्रत्येक होलचं काम वेगळं असतं. एकात बोल्ट जातो, एकातून २१० बार दाबाने तेल येतं, एकातून तेल टाकीकडे परत जातं. काही होल तर केवळ आतला मार्ग काढता यावा म्हणून बाहेरून मारलेले असतात आणि नंतर त्यांची तोंडं प्लगने कायमची बंद होतात.

या प्रकरणातला ब्लॉक स्टीलचा, १६० बाय १२० बाय १०० मिलिमीटरचा. ग्राहकाकडून दोन गोष्टी आल्या होत्या: एक स्टेप फाइल (कुठल्याही कॅडमध्ये उघडणारं त्रिमितीय मॉडेल) आणि एक पीडीएफ ड्रॉइंग. प्रोग्रामर मुलीने, जी ऐरोलीहून येते आणि डिप्लोमा करून इथेच शिकली आहे, स्टेप फाइल कॅममध्ये घेतली, फीचर ओळखण्याचा आदेश दिला, आणि डाव्या बाजूच्या यादीत होल, पॉकेट, चॅम्फर अशी रांग उभी राहिली. प्रोग्राम तयार झाला. पहिला नग निघाला तेव्हा मशीन लावून देणाऱ्या सेटर काकांनी सवयीने एअर गन टाकीच्या पोर्टला लावली. पहिल्या कॅव्हिटीतून, म्हणजे व्हॉल्व्ह बसायच्या खोबणीतून, हवा यायला हवी होती. आली नाही.

एकाच होलमध्ये तीन दोष

ब्लॉक टेबलावर ठेवला, टॉर्च लावली आणि पिन गेजने एकेक मार्ग तपासत गेलो. बाकी सगळं ठीक होतं. दोष एकवटले होते ते ८.५ मिलिमीटर व्यासाच्या एका पॅसेजमध्ये. हा पॅसेज ब्लॉकच्या बाजूच्या फेसमधून आत शिरतो, पहिल्या कार्ट्रिज कॅव्हिटीला आडवा छेदतो, पुढे जाऊन टाकीच्या उभ्या बोअरला मिळतो आणि त्यानंतर थोडा पुढे संपतो. एकूण लांबी ११० मिलिमीटर. त्याचं तोंड, मधला भाग आणि शेवट, तिन्ही ठिकाणी तीन वेगळ्या कारणांनी गडबड झाली होती.

आधी तोंडाचं सांगतो. ब्लॉकच्या खालच्या बाजूला माउंटिंगचे चार होल आहेत, एम१० आट्यांचे. एम१० च्या जाड आट्यासाठी आधी ८.५ चा ड्रिल मारतात, हे कुठल्याही फिटरला पाठ असतं. ग्राहकाच्या कॅडमध्ये हे आटे कॉस्मेटिक होते, म्हणजे मॉडेलमध्ये प्रत्यक्ष आटे कोरलेले नव्हते, फक्त खूण होती. स्टेप फाइल निघाली तेव्हा ती खूण गळाली आणि उरले ८.५ चे चार साधे सिलिंडर. पाचवा सिलिंडर आपला पॅसेज, तोही ८.५. सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या इंजिनिअरने होलचा जो तक्ता भरून दिला होता, त्यात एक ओळ होती: व्यास ८.५ असेल तर एम१० टॅप. त्यामुळे पाचही होलना टॅप लागला. पॅसेजच्या तोंडाशी प्लग दाबून बसवायचा होता. तिथे आटे पडल्यावर प्लग तेल अडवू शकत नाही. ब्लॉक तिथेच गेला.

पीडीएफमध्ये ही गोष्ट स्वच्छ लिहिली होती. चार होलना एम१० आणि खोली, पाचव्याला नुसता व्यास आणि प्लगची टीप. माहिती घरात आली होती, पण प्रोग्राम ज्या फाइलवरून झाला त्या फाइलमध्ये ती नव्हती.

आता मधला भाग. पॅसेज कॅव्हिटीला आडवा छेदतो म्हणून मॉडेलमध्ये त्याच्या सिलिंडरचे तुकडे होतात: एक बाजूच्या फेसपासून कॅव्हिटीपर्यंत, पुढचे कॅव्हिटीच्या पलीकडे. ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने पहिला तुकडा होल म्हणून घेतला आणि त्याची खोली कॅव्हिटीच्या भिंतीपर्यंत धरली. पलीकडचे तुकडे त्याला ब्लॉकच्या आतच सुरू होऊन आतच संपणारे वाटले. तिथे बाहेरून टूल पोहोचत नाही, म्हणून त्याने ते 'अनिश्चित' या गटात टाकले. त्या गटावर कुठलाच टूलपाथ (टूलने जायचा मार्ग) निघत नाही. पडद्यावर ते तुकडे राखाडी रंगात दिसत होते, पण एवढ्या होलांच्या गर्दीत पोटातला राखाडी तुकडा कुणाच्या डोळ्यात भरणार? पॅसेज कॅव्हिटीपाशीच थांबला, म्हणून हवा आली नाही.

तिसरा दोष शेवटाचा. हा पहिल्या नगात उमटला नव्हता, कारण ड्रिल तिथवर गेलाच नव्हता. सेटर काकांनी ड्रॉइंग पाहताना तो पकडला आणि माझ्या मते तिघांतला सर्वांत धोक्याचा हाच. मॉडेलमध्ये पॅसेजचा तळ सपाट होता. ड्रिल सपाट तळ पाडत नाही, टोकाला शंकू पाडतो. ११८ अंशांच्या टोकाचा ८.५ चा ड्रिल घेतला तर शंकूची उंची साधारण २.५५ मिलिमीटर, १४० अंशांच्या कार्बाइड ड्रिलला साधारण १.५५. या तळापासून शेजारची प्रेशर लाइनची कॅव्हिटी मॉडेलमध्ये फक्त ४ मिलिमीटरवर होती. पूर्ण व्यास मॉडेलमधल्या खोलीपर्यंत न्यायचा, असा प्रोग्राम केला तर ११८ अंशांच्या ड्रिलपुढे भिंत उरते १.४५ मिलिमीटर. एका बाजूला २१० बार, दुसऱ्या बाजूला टाकी. अशी भिंत पहिल्या दिवशी टिकेलही. पण हा ब्लॉक ज्या प्रेसवर बसतो ती दर काही सेकंदांनी दाब चढवते-उतरवते, आणि त्या दाबाखाली ती किती काळ टिकेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही.

फीचर कुणाचं?

या तिन्ही दोषांचं मूळ एक आहे, आणि ते सॉफ्टवेअरच्या चांगल्या-वाईटात नाही. फीचर म्हणजे आकाराचा असा भाग, ज्याला कुणाच्या तरी कामात अर्थ असतो. डिझायनरसाठी कार्ट्रिज कॅव्हिटी हे एक फीचर आहे: त्यात अमुक व्हॉल्व्ह बसणार. मशीनवर त्याच कॅव्हिटीचे स्टेप ड्रिल, फॉर्म टूल (कॅव्हिटीच्या आकाराला घडवलेलं टूल), टॅप असे टप्पे होतात. तपासणीच्या टेबलावर ती एक सील बसण्याची जागा, एक बोअर आणि त्यांची समअक्षता असते. ब्लॉक एकच, पण तिघांनी तो तीन प्रकारे वाटून घेतलेला. स्टेप फाइलमध्ये यातली एकही वाटणी नसते. तिथे फक्त पृष्ठभाग, कडा आणि त्यांचे जोड असतात.

म्हणून आकारावरून अर्थ परत मिळवण्याचे प्रयत्न फार पूर्वी सुरू झाले. १९८० साली केंब्रिज विद्यापीठात कायप्रियानू यांनी आपल्या प्रबंधात घन मॉडेलमधून असे भाग आपोआप शोधण्याची पद्धत मांडली. १९८८ मध्ये जोशी आणि चँग यांनी मॉडेलचा आलेख करायची रीत दिली: प्रत्येक पृष्ठभाग म्हणजे एक बिंदू, दोन पृष्ठभागांची सामाईक कड म्हणजे एक रेघ, आणि रेघेवर खूण की कड आत वळलेली आहे की बाहेर. पॉकेटचा तळ चारही भिंतींना आत वळलेल्या कडांनी जोडलेला असतो. आलेखात असा नमुना सापडला की पॉकेट सापडलं. पद्धत सुंदर आहे, पण दोन फीचर एकमेकांना छेदतात तिथे ती अडखळते. छेदल्यावर कडा नाहीशा होतात, पृष्ठभाग तुटतात, आणि ओळखीचा नमुना आलेखात उरतच नाही. त्यावर १९९३ मध्ये व्हॅन्डेनब्रँडे आणि रेक्विचा यांनी खुणांची पद्धत पुढे आणली: पूर्ण नमुना शोधू नका, उरलेला एखादा अवशेष पकडा, त्यावरून मूळ फीचर केवढं असू शकेल ते वाढवून पाहा, आणि तिथे टूल पोहोचतो का ते तपासा. आपल्या पॅसेजला हीच दृष्टी हवी होती. एकाच अक्षावरचे, एकाच व्यासाचे तुटके तुकडे म्हणजे बाहेरून मारलेला एकच होल.

दुसरा मार्ग ओळखत बसण्याऐवजी डिझाइनच फीचरमधून करण्याचा. १९८५ साली स्थापन झालेल्या पॅरामेट्रिक टेक्नॉलॉजी कॉर्पोरेशनचं प्रो-इंजिनिअर आलं आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून हीच कॅडची रूढ पद्धत झाली. डावीकडे फीचरचा ट्री, प्रत्येकाला मापं, एक माप बदललं की पुढचं सगळं आपोआप बदलतं. मालकांना वाटलं, ग्राहकाची मूळ कॅड फाइलच मागवली तर प्रश्न मिटेल. ग्राहकाने ती दिली, हे त्यांचं मोठेपण म्हणायला हवं, बरेच ग्राहक देत नाहीत.

ट्री उघडला तर आपला पॅसेज 'कट-एक्स्ट्रूड' या नावाने होता आणि त्याचं स्केच ब्लॉकच्या मधोमध घेतलेल्या एका प्लेनवर काढलेलं होतं. तिथून दोन्ही दिशांना कट. डिझायनरच्या बाजूने यात काहीच चूक नाही, त्याला कॅव्हिटी आणि टाकीचा बोअर जोडायचा होता आणि तो जोडला गेला. पण त्या फीचरला ड्रिलची दिशा नाही, तोंड कुठलं ते नाही, तळ सपाट कारण एक्स्ट्रूडचा तळ सपाटच असतो. ट्रीचा क्रमही मशीनला उलटा. डिझायनर आधी कॅव्हिटी काढतो, कारण व्हॉल्व्ह महत्त्वाचे, मग त्यांना पॅसेजने जोडतो. मशीनवर कॅव्हिटी आधी उघडली तर जवळजवळ तेरा व्यास लांबीचा ड्रिल मध्येच हवेत निघतो, पलीकडच्या गोल भिंतीवर पुन्हा शिरायला बघतो आणि सरकतो. शिवाय पॅसेजमुळे कॅव्हिटीच्या कडेला बर (धातूची उरलेली धारदार कोर) राहतो आणि कॅव्हिटी आधीच फिनिश झाली असेल तर तो काढायला हात घालावा लागतो. पॅसेज आधी भरीव धातूत मारला, मग कॅव्हिटी फिनिश केली, तर फिनिशिंगचा टूल जाता जाता बराचसा बर घेऊन जातो.

हे सगळं सेटर काकांनी प्रोग्रामरला समजावलं तेव्हा मी तिथेच उभा होतो. ती म्हणाली, "काका, पण सॉफ्टवेअरला हे चार आणि हा पाचवा सारखाच दिसतो." काका म्हणाले, "अगं, मग तू त्याला वेगळा सांग ना. मला ड्रॉइंग बघून कळतं, त्याला कुठून कळणार?" पुढचं सगळं काम या एका वाक्यातून निघालं. अर्थ माणसाने सांगायचा, एकदाच सांगायचा, आणि तो हरवणार नाही अशा जागी ठेवायचा.

काय केलं

पर्याय तीन-चार होते. होलचा तक्ता आणखी बारीक करायचा, हा सर्वांत स्वस्त. पण तक्त्यात व्यासावरून निर्णय होतो आणि इथे व्यासच सारखे होते. प्रत्येक ब्लॉक स्वतःच्या कॅडमध्ये नव्याने फीचर लावून काढायचा, हा सर्वांत भरवशाचा, पण दर ऑर्डरला तेवढा वेळ कोण देणार? ग्राहकाकडून एपी २४२ प्रकारची, म्हणजे आटे आणि टॉलरन्स मॉडेललाच बांधून देणारी स्टेप फाइल मागायची, हा योग्य दीर्घकालीन मार्ग. ते मानक २०१४ पासून आहे आणि मशीनिंग फीचरसाठी स्टेपच्याच मालिकेत एपी २२४ त्याहूनही आधीपासून आहे. पण समोरच्या डिझाइन ऑफिसला मॉडेलमध्ये तशी माहिती भरायची सवय नव्हती, आणि छोट्या पुरवठादाराच्या सांगण्यावरून मोठं ऑफिस एका महिन्यात सवय बदलत नाही.

शेवटी ठरलं ते असं: कारखान्याने स्वतःची, मोजक्याच फीचरची लायब्ररी करायची. मॅनिफोल्डमध्ये नव्याने शोधण्यासारखं फार काही नसतं. कार्ट्रिज कॅव्हिटी, आट्यांचा पोर्ट, व्हॉल्व्ह बसवायचा फेस, पॅसेज, प्लगचं तोंड, माउंटिंग होल. प्रत्येकाचं एक कार्ड. कार्डावर मापं, ते कुठल्या फेसवरून मोजायचं ते, टूलचा क्रम, तपासणीचं गेज, आणि ते आणखी कुणाला छेदतं त्यांची यादी.

पॅसेजचं कार्ड जरा तपशिलात सांगतो, कारण सगळी खरी शिकवण तिथेच होती. त्यात खोली नेहमी बाहेरच्या फेसपासून आणि नेहमी ड्रिलच्या टोकापर्यंत लिहायची, टोकाचा कोन सोबत. त्यामुळे सिलिंडरचे तुकडे कितीही झाले तरी होल एकच राहतो, आणि भिंत मोजताना शंकू हिशोबात धरलेला असतो. तोंडासाठी वेगळी जागा: उघडं, आट्यांचं, की दाबायच्या प्लगचं. ही जागा रिकामी असेल तर प्रोग्राम पोस्टच होत नाही, म्हणजे मशीनच्या भाषेत निघतच नाही. आणि छेदांच्या यादीतून क्रम ठरतो: पॅसेज ज्या कॅव्हिटीला भेटतो, तिच्या फिनिशिंगच्या आधी तो मारलेला असला पाहिजे. दोन फीचर जिथे भेटतात त्या जागेची नोंद डिझायनरच्या ट्रीमध्ये नव्हती, ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या यादीतही नव्हती. शॉप फ्लोअरवर मात्र बर तिथेच होतो, ड्रिल तिथेच सरकतो, कपची तिथेच अडकते आणि पुढे तीच व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसते. माझ्या मते मॅनिफोल्डच्या कामात ही भेटीची जागा स्वतंत्र फीचर म्हणूनच धरायला हवी.

व्हॉल्व्हच्या फेसचं कार्डही सांगण्यासारखं आहे. या ब्लॉकवर आयएसओ ४४०१ मधला ०३ आकाराचा फेस होता, ज्याला बाजारात सहा नंबरचा किंवा सेटॉप तीन म्हणतात. त्यावर एम५ चे चार होल असतात. पहिला शून्य-शून्यावर धरला तर बाकीचे ४०.५ आणि उणे ०.७५, ४०.५ आणि ३१.७५, शून्य आणि ३१ या जागी येतात. म्हणजे चार होल अचूक आयतावर नाहीत. एका बाजूचं अंतर ३१, दुसऱ्या बाजूचं ३२.५. मानकच तसं आहे. सुटे होल म्हणून पाहणाऱ्याला हा पाऊण मिलिमीटर ग्राहकाची चूक वाटतो, आणि कुणी मायेने तो सुधारून आयत करून टाकला की व्हॉल्व्हचे बोल्ट लागत नाहीत. कार्डात हे चार होल, त्यांच्यामधले पी, टी, ए, बी हे चार पोर्ट, आणि फेसचा सपाटपणा, १०० मिलिमीटरला ०.०१, हे सगळं मिळून एकच फीचर आहे. आत कुणी हात घालायचा नाही, फक्त फेस कुठे ठेवायचा आणि कुठल्या दिशेने फिरवायचा एवढंच सांगायचं.

फीचर ओळखणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं नाही. मालकांना वाटत होतं पैसे वाया गेले. तसं नाही. जागा, व्यास आणि अक्ष शोधण्यात ते माणसापेक्षा कितीतरी वेगवान आणि अचूक आहे. आता ते स्टेप फाइलमधला प्रत्येक सिलिंडर शोधून काढतं, एकाच अक्षावरचे एकत्र करतं, आणि प्रोग्रामर पीडीएफ शेजारी ठेवून प्रत्येकाला कार्ड लावते. नियम एकच: फाइलमधला प्रत्येक सिलिंडर कुठल्या ना कुठल्या एका कार्डाच्या नावावर गेला पाहिजे. बेवारस एकही उरता कामा नये. पूर्वीचा तो राखाडी तुकडा या नियमात लपू शकला नसता.

त्यावर आणखी एक तपासणी घातली. सगळी कार्डं लागल्यावर साध्या ठोकळ्यातून ती एकेक वजा करून ब्लॉक नव्याने उभा करायचा, आणि तो ग्राहकाच्या मॉडेलमधून वजा करायचा. मग उलटंही करायचं, ग्राहकाचं मॉडेल आपल्यातून वजा. दोन्हीकडे उरायला हवं ते फक्त ड्रिलच्या शंकूएवढं. बाकी काही उरलं तर त्याचं कारण सापडेपर्यंत काम खाली जात नाही. ही वजाबाकी कुठल्याही घन मॉडेलिंगच्या कॅडमध्ये होते, त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागलं नाही.

भिंतीचा प्रश्न ग्राहकाच्या डिझायनरसमोर ठेवला. त्याने लगेच मान्य केलं की सपाट तळ मुद्दाम ठेवलेला नव्हता. टाकीचा बोअर ओलांडून पॅसेज जेवढा पुढे गेला होता तेवढा जायची गरजही नव्हती. मॉडेलमधली खोली ड्रिलच्या टोकापर्यंतची धरली आणि चार मिलिमीटरची भिंत पूर्ण राहिली.

दुरुस्ती आली तेव्हा

पद्धतीची खरी परीक्षा ब्लॉकची पुढची आवृत्ती आली तेव्हा झाली. ग्राहकाने दुसरी कॅव्हिटी तीन मिलिमीटर सरकवली. जुन्या पद्धतीत असं झालं की नवी स्टेप फाइल घेतल्याबरोबर निम्मे टूलपाथ अनाथ होत. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. टूलपाथ पृष्ठभागाला बांधलेला असतो आणि पृष्ठभागाची ओळख सॉफ्टवेअरने आतल्या आत दिलेल्या एका क्रमांकात असते. मॉडेल नव्याने तयार झालं की क्रमांक बदलतात. माणसाला तोच फेस दिसतो, सॉफ्टवेअरला तो अनोळखी असतो. कॅडच्या जगात हा प्रश्न फार जुना आहे आणि मोठ्या कंपन्यांनी त्यावर पुष्कळ काम करूनही तो मुळातून सुटलेला नाही. कार्डांना हा त्रास नव्हता, कारण कार्ड बाहेरच्या तीन फेसवरून मोजलेलं असतं. दुसऱ्या कॅव्हिटीच्या कार्डातला एक आकडा बदलला, वजाबाकी पुन्हा केली.

वजाबाकीत एक जागा उरली. कॅव्हिटीला भेटणारे दोन पॅसेज होते आणि प्रोग्रामरने दोघांचीही खोली कॅव्हिटीच्या मध्याशी जोडली होती. त्यातला एक खरंच कॅव्हिटीपर्यंत जाऊन थांबणारा होता, त्याचं बदलणं बरोबर. दुसरा तिला ओलांडून समोरच्या पोर्टपर्यंत जाणारा, त्याने बदलायचं कारण नव्हतं, पण तोही तीन मिलिमीटर सरकला. पॅरामेट्रिक मॉडेलिंगमध्ये कुठलं माप कुणावर अवलंबून ठेवायचं, हा निर्णय मापापेक्षा महत्त्वाचा असतो. तेव्हापासून पॅसेजच्या कार्डात 'शेवट कुणासाठी' अशी एक ओळ वाढली, आणि खोली फक्त त्याच्याशीच जोडायची असं ठरलं. वाटेत कोण भेटतं याचा खोलीशी संबंध नाही, क्रमाशी आहे.

ग्राहकाच्या डिझाइन ऑफिसकडून एक छोटी सवलत मिळाली आणि ती मला फार मोलाची वाटते. त्यांनी आट्यांच्या होलांचे पृष्ठभाग हिरवे आणि प्लगच्या तोंडांचे लाल करून द्यायला सुरुवात केली. एपी २१४ प्रकारच्या स्टेप फाइलमध्ये पृष्ठभागाचा रंग टिकतो. संपूर्ण टॉलरन्स मॉडेलमध्ये भरायला त्यांना वेळ नव्हता, पण रंग द्यायला दोन-चार मिनिटं लागतात. आता ८.५ चे हिरवे चार आणि लाल एक पडद्यावरच वेगळे दिसतात. पीडीएफशी ताडून पाहणं तरीही चालू आहे, कारण रंग द्यायचा राहूनही जातो.

मालकांनी मग आपणहून एक वापर शोधला. कोटेशन. पूर्वी ब्लॉकचा भाव वजनावर आणि होलांच्या संख्येवर अंदाजाने निघे. आता चौकशी आली की प्रोग्रामर आधी कार्डं लावते, आणि किती कॅव्हिटी, किती फॉर्म टूल, दहा व्यासांहून लांब किती पॅसेज, किती छेद, यावरून भाव निघतो. छेदांची संख्या भावात धरणारा दुसरा कारखाना मी पाहिलेला नाही, आणि डिबरिंगला बसणाऱ्या माणसाचा वेळ खरोखर तिथेच जातो.

लायब्ररी सांभाळणं हे काम आहे, फुकट होत नाही. एखाद्या कॅव्हिटीचं फॉर्म टूल दुसऱ्या बनावटीचं आलं की कार्डातला वेग आणि फीड बदलावा लागतो. सेटर काका ते आधी वहीत लिहितात आणि दर आठवड्याला प्रोग्रामर वहीतून कार्डात उतरवते. काका निवृत्त होण्याआधी त्यांच्या डोक्यातलं जितकं कार्डांत येईल तितकं यावं, असं मालकांनी मला स्पष्ट सांगितलं, आणि त्यासाठी काकांना आठवड्यातून अर्धा दिवस मशीनवरून मोकळं केलं आहे.

पंपाच्या बॉडीचं काम याच कारखान्यात येतं, ते कास्टिंग असतं. तिथे ही पद्धत चालत नाही. सगळीकडे ड्राफ्ट (भिंतींचा उतार), फिलेट (कोपऱ्यांची गोलाई), एकात एक मिसळलेले पृष्ठभाग. कुठलं फीचर कुठे संपतं हे सांगताच येत नाही आणि सांगायची गरजही नाही, कारण तिथे मशीन फक्त काही फेस आणि बोअरवरच चालतं. त्या कामाला त्यांनी कार्डं फक्त मशीन होणाऱ्या बोअरपुरती ठेवली आहेत. बाकी कास्टिंग जसं आहे तसं, आणि पहिलं सेटिंग कुठल्या कच्च्या फेसवर धरायचं ते फाउंड्रीशी बोलून ठरवतात.